ग्योक-लानचं वाढतं कासव

कासव पातेल्यात मावत नव्हतं. डोकं आत घातलं की शेपटी बाहेर राहायची, आणि शेपटी दाबून बसवली की डोकं काठावरून बाहेर येऊन चुलीकडे टकमक बघायचं. चिकट तांदळाच्या पिठात साखर घालून मळलेलं, लालभडक रंगाचं, चांगलं बाळसेदार कासव होतं. ग्योक-लानने आदल्या दुपारपासून खपून ते घडवलं होतं. पाठीवरच्या चौकटी चमच्याच्या कडेने कोरल्या होत्या, डोळ्यांच्या जागी चवळीचे दोन दाणे बसवले होते. उकडायचं तेवढं राहिलं होतं.

"मापून केलं होतंस ना?" तिचा नवरा छिंग-हाय दारातून म्हणाला.

"मापूनच केलं."

"कशाने मापलंस?"

"सुतळीने. पातेल्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत."

"कान धरून मापलंस?"

"मग? कान काय शेजाऱ्यांचे आहेत? पातेल्याचेच ना?"

छिंग-हायने कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं समुद्रात जाळी टाकलेला माणूस. पण जाळं टाकताना आधी 'आज काही लागणार नाही' असं म्हणायचं आणि मगच टाकायचं, ही त्याची रीत होती. मासे लागले तर 'उद्या लागणार नाहीत' म्हणायचा. "मी म्हटलंच होतं," तो म्हणाला, "की हे कासव काही देवळापर्यंत पोचत नाही."

"तुम्ही ते पीठ आणायच्या आधीच म्हटलं होतं."

वर्षातली पहिली पौर्णिमा होती. पेंगहूच्या बेटांवर त्या दिवशी घराघरात हीच धांदल असते. समुद्राच्या देवीच्या, माझू आईच्या देवळात, तिच्यापुढच्या मेजांवर कासवं मांडलेली असतात. मनात इच्छा धरायची, आईला कौल लावायचा, तिने होकार दिला की एक कासव घरी न्यायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं. पुढच्या वर्षी, त्याच पौर्णिमेला, संध्याकाळचा नगारा वाजायच्या आत ते परत करायचं. तेवढंच नव्हे, त्याहून मोठं. इच्छा पुरी झाली की नाही, हे आईकडे. कासव खाल्लं ते खाल्लं.

ग्योक-लान पाच वर्षं एकच मागणं मागत होती. तिच्या लेकीला, आ-युनला, बेटांमध्ये फिरणाऱ्या प्रवासी बोटीचं सुकाणू धरायचा परवाना मिळू दे. पहिल्या वर्षी तिने मुठीएवढं कासव आणलं. आ-युन नापास झाली. ग्योक-लानने बशीएवढं परत केलं आणि हट्टाने तेच पुन्हा मागून आणलं. आ-युन पुन्हा नापास. मग ताटाएवढं, मग सुपाएवढं, मग परातीएवढं. मुलगी होती तिथेच होती, कासव मात्र दरवर्षी अंग धरत होतं.

बरं, आ-युनला येत नव्हतं असं नाही. भर समुद्रात तिच्या हाती बोट दिली, की पाण्यावर रेघ ओढल्यासारखी सरळ जायची. लेखी परीक्षेत तर तिची चूक काढायला परीक्षकांना चष्मा पुसावा लागायचा. पण शेवटी बोट हळूच धक्क्याला लावून दाखवायची असते, आणि तिथे दरवेळी धडाम! एकदा परीक्षकांच्या मांडीवर चहा सांडला. एकदा त्यांची टोपी समुद्रात गेली आणि टोपीमागोमाग तेही जाता जाता राहिले. आ-युन त्याच बोटीवर तिकिटं फाडायचं काम करत राहिली.

आणि आज सकाळी पिठाचा हात धुवायला आईला पाणी घालताना ती म्हणाली होती, "आई, हे कासव परत कर आणि देणं मिटव. नवीन मागू नकोस. मी आता परीक्षेला बसणार नाही."

"बरं," ग्योक-लान म्हणाली होती.

पण ग्योक-लानचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, नुसती ऐकू आल्याची पावती. तिचा बेत ठरलेला होता. कासव एकदा अखंड, धडधाकट देवीपुढे पोचलं, की पुन्हा पदर पसरायचा. देवाच्या दारात कपट चालत नाही, हट्ट मात्र खुशाल चालतो, अशी तिची श्रद्धा होती. फक्त कासव आधी शिजायला हवं होतं.

"दोन तुकडे करून उकड," छिंग-हायने सुचवलं. "मग चिकटव."

"कासव म्हणजे दीर्घायुष्य! देवीच्या कासवावर सुरी चालवतात का कोणी? तडा गेला तरी ती घेत नाही." ग्योक-लानने हात पुसले आणि फोन उचलला. "वन्संना विचारते."

समोरच्या छोट्या बेटावर तिची नणंद सिऊ-बी राहायची. तिच्या अंगणात बारीक मासळी उकडायची भलीमोठी कढई होती.

"वन्सं, तुमची कढई रिकामी आहे का हो आज?"

"सणाच्या दिवशी मासळी कोण उकडतंय? रिकामीच आहे. का गं वहिनी, पातेलं चुकलं वाटतं?"

"पातेलं नाही हो चुकलं. कासव वाढलं."

"वाढू दे बाई. तुझ्या घरात काहीतरी पुढे जातंय." सिऊ-बी अशी बोलायची, पण बोलून झालं की नाही म्हणायची नाही. "ये घेऊन. एकच सांगते. देवळात सगळ्यांसमोर सांगायचं, की कासव माझ्याकडे उकडलं. गेल्या वर्षी माझ्याकडचा गूळ नेलास आणि गावभर सांगत सुटलीस, बाजारातला म्हणून."

"सांगेन हो. घंटा वाजवून सांगेन."

आता एवढं थोरलं कच्चं कासव न्यायचं कशावरून? घरातलं कुठलंच ताट पुरेना. शेवटी ग्योक-लानची नजर स्वयंपाकघराच्या दारावर गेली. छिंग-हायने 'दार परत बसणार नाही' असं आधी जाहीर केलं आणि मग बिजागऱ्या काढल्या. ईशान्येचा वारा इतके दिवस त्या दाराबाहेर ताटकळत उभाच होता. तो पाहुण्यासारखा आत शिरला, कॅलेंडर पाडलं, वाटाण्याची टोपली उलथली आणि राहिलेलं सगळं पीठ छिंग-हायच्या डोक्यावर ओतलं. दाराचं एक टोक आ-युनने धरलं, दुसरं पांढऱ्या केसांच्या छिंग-हायने. अशी वरात बोटीपर्यंत पोचली.

छिंग-हायची जुनी बोट लहान, इंजिन कुरकुरं. समोरचं बेट अगदी हाकेच्या अंतरावर. पण मधल्या पाण्यात वारा आणि भरती एकमेकांच्या झिंज्या उपटत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर बोट उचलायची, आपटायची, आणि दारावरचं कच्चं कासव अंग सैल सोडून थोडं आणखी पसरायचं. ग्योक-लान दोन्ही हातांनी त्याला कडेने आवळत राहिली. इकडून आवळलं की तिकडून निसटायचं.

सिऊ-बी अंगणात कंबरेवर हात ठेवून उभीच होती. तिने दारावर वाकून बघितलं.

"वहिनी, कासव आणणार होतीस ना? हा पाकट मासा कशाला आणलास?"

खरंच, पाय गायब झाले होते, मान पाठीत विरघळली होती, आणि उरला होता एक चपटा, लाल, लांब शेपटीचा पाकट. चवळीचे दोन डोळे एकमेकांपासून वीतभर दूर जाऊन दोन वेगळ्या दिशांना बघत होते.

"प्रवासाने जरा दमलंय," ग्योक-लान म्हणाली. "बसलं की ताजंतवानं होईल."

"मी म्हटलंच होतं—" छिंग-हायने सुरुवात केली.

"दादा, तू म्हणत राहा. आम्ही तोवर मळतो," सिऊ-बी म्हणाली.

नणंद-भावजयीने बाह्या सरसावल्या. आ-युनने कढई आल्याच्या चोथ्याने आणि चहाच्या चोथ्याने घासघासून काढली. कासव पुन्हा उभं राहिलं, पहिल्यापेक्षा जरा गोंडस, कारण सिऊ-बीला लहानपणापासून जाड प्राणी आवडायचे. बांबूच्या जाळीवर ठेवून ते कढईत उतरवलं आणि मग लक्षात आलं, की कढईला झाकण नाही. मासळी उघडीच उकडतात. कासव उघडं ठेवलं तर वाफ थेट चीनच्या किनाऱ्याला जाणार.

"गोधडी," ग्योक-लान म्हणाली.

"माझी? लग्नातली?" सिऊ-बीचा आवाज चढला. लाल-गुलाबी थोरल्या फुलांची, हिरव्या पानांची ती गोधडी तिने कितीतरी वर्षं पेटीत कापूर घालून जपली होती.

"देवीच्या कामी येईल, वन्सं."

"नवऱ्याच्या कामी तरी कुठे आली मेली!" सिऊ-बी पुटपुटली आणि आत जाऊन गोधडी घेऊन आली.

चुली पेटल्या. आता नुसतं थांबायचं होतं. पण थांबणं हे छिंग-हायचं काम नव्हे. 'फाटलं असणार' म्हणत तो गोधडीचं टोक उचलायचा, आत डोकावायचा, 'अजून नाही फाटलं' असं काहीशा निराशेने म्हणायचा आणि टोक सोडून द्यायचा. ग्योक-लानने दोनदा दटावलं. सिऊ-बीने पळी दाखवली. शेवटी सगळ्या कासवाचाच अंदाज घ्यावा म्हणून त्याने दोन्ही हातांनी गोधडी वर केली, आणि कोंडलेली वाफ एकदम उसळून त्याच्या तळव्यांवर आली.

त्याची किंकाळी देवळापर्यंत गेली असावी. सिऊ-बीने त्याचे हात थंड पाण्याच्या बादलीत बुडवून धरले. फोड आले नव्हते, पण तळवे कासवाशी बरोबरी करतील असे लाल झाले होते. ओले पंचे गुंडाळल्यावर त्याच्या मनगटांना दोन मोठे पाव चिकटवल्यासारखे दिसू लागले.

"आणि कासव?" त्याने विव्हळत विचारलं. "फाटलं ना?"

फाटलं नव्हतं. गोधडी पूर्ण उचलली तेव्हा वाफेतून ते हळूहळू दिसू लागलं, टरारून फुगलेलं, तकतकीत. आणि पाठीवर मधोमध एक भलंमोठं गुलाबी फूल, त्याला दोन हिरवी पानं, मानेपाशी एक अर्धवट कळी! गोधडीने जुना रंग वाफेबरोबर मोकळ्या मनाने देऊन टाकला होता. जवळ गेलं की मासळीचा थोडासा वासही येत होता.

आ-युनने आईकडे पाहिलं. छिंग-हायने आभाळाकडे पाहिलं. सिऊ-बीने गोधडीकडे पाहिलं.

"बघा!" ग्योक-लान टाळी वाजवून म्हणाली. "फुलं आली! गावात कुणाच्या कासवाला फुलं आलीत का आजवर?"

"आणि वास?" आ-युनने विचारलं.

"समुद्रातलं कासव आहे. त्याला काय गुलाबाचा वास येणार?"

पण खरी अडचण पुढेच होती. सूर्य उतरणीला लागला होता आणि छिंग-हायच्या हातांत सुकाणू मावणं शक्य नव्हतं. सिऊ-बीचा नवरा आणि बेटावरचे झाडून सगळे पुरुष सकाळीच देवीच्या पालखीबरोबर मोठ्या गावी गेले होते. ग्योक-लानला बोटीत बसलं की धरायला काहीतरी लागायचं, चालवणं दूरच. सिऊ-बीला तर बोट उभी असतानाही भोवळ यायची.

सगळ्यांच्या नजरा आ-युनकडे वळल्या.

"मी नाही," ती म्हणाली. "आत्या, तुला माहीत नाही का? माझ्या हातची बोट धक्क्यावर आपटतेच. आणि आज धक्क्यावर अख्खं गाव असणार."

"असेना का," ग्योक-लान म्हणाली. "गाव कासव बघायला आलंय. तुला कोण बघतंय?"

आ-युनने कासवाकडे पाहिलं. या बाजूने तिने कधी विचार केला नव्हता.

"हे बघ," सिऊ-बीने कासवाच्या पाठीवर बोट ठेवून सांगितलं, "आता मऊ आहे. पण वाऱ्याने वरची साल ताठ होईल. मग एक हिसका बसला तरी मधोमध तडा. तेव्हा काय ते जपून."

"वारा ईशान्येचा आहे," छिंग-हायने पंचे हलवत मोजायला घेतलं. "ओहोटी लागलीय. उजेड कमी होतोय. आणि हिची बोट म्हणजे धक्क्याची वैरीण. त्यापेक्षा उद्या—"

"तुम्ही डोकं धरा," ग्योक-लान म्हणाली.

"कुणाचं?"

"कासवाचं."

बोट निघाली. मधोमध दार, दारावर कासव. शेपटीकडे सिऊ-बी डोळे घट्ट मिटून, कुशीला ग्योक-लान, आणि तोंडाशी छिंग-हाय, दोन पावांच्या मध्ये कासवाची मान अलगद धरून. मागे सुकाणूवर आ-युन. पण तिची नजर पुढच्या पाण्यावर कमी आणि कासवाच्या पाठीवर जास्त होती. लाट आली की ती आधी कासवाकडे बघायची, मग बोट थोडी तिरकी घ्यायची. लाट बोटीखालून मांजरासारखी पाठ घासत निघून जायची. ग्योक-लान तोंडातल्या तोंडात माझू आईचं नाव घेत होती.

धक्का दिसू लागला. लाल कंदिलांच्या माळा, पोरंबाळं, पालख्या, ढोल, आणि काठाला टांगलेल्या जुन्या टायरांवर पाय सोडून बसलेली माणसं. छिंग-हायने सवयीप्रमाणे मान उंचावली. तोंड उघडलं.

"डावीकडे! अगं डावी—"

"ओरडू नका!" ग्योक-लान दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही ओरडलात की तुमचे हात हलतात. हात हलले की त्याची मान हलते. मोडेल ना!"

छिंग-हायने खाली पाहिलं. खरंच, मानेपाशी एक बारीकशी सुरकुती पडली होती. त्याने तोंड मिटलं. ओरडायचं नाही, हात हलवायचे नाहीत, म्हणजे आता करायचं तरी काय, हे न सुचून त्याने डोळेही मिटून घेतले आणि आपटण्याची वाट बघत बसला.

आ-युनने इंजिन कितीतरी आधीच बंद केलं. वारा तसाही धक्क्याकडेच ढकलत होता. तिने त्यालाच काम दिलं. सुकाणू एवढंसं इकडे, एवढंसं तिकडे. टायर कुरकुरला, कुणी झोपेत कूस बदलावी तसा. बस.

"कासव आलं! फुलांचं कासव आलं!" धक्क्यावर एकच गलका झाला. माणसं कासवावर तुटून पडली. बोट कशी लागली, हे एकाही जिवाच्या ध्यानात आलं नाही.

"लागली का?" छिंग-हायने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"कधीच," आ-युन म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच येत होता. ती दोर बांधायचा सोडून टायराकडे बघत उभी होती.

सिऊ-बीने एक डोळा उघडला. "दादा," ती म्हणाली, "पोरीच्या दरेक परीक्षेला तू धक्क्याच्या टोकाला उभा राहून टोपी हलवत ओरडायचास ना? आज तुझं तोंड बंद होतं बघ. बोट लागली सुद्धा."

छिंग-हायने आता कुठे डोळे उघडले. आणि आपल्या पंच्यांकडे पाहिलं.

देवळात नगाऱ्याजवळ टिपरीवाला पोचलेला होता. देवळाचे पुजारी तेक काका सूर्यफुलाच्या बिया सोलत परतीच्या कासवांची नोंद बघत होते. चार जणांनी उचललेलं दार बघून त्यांनी बी तोंडातच ठेवली.

"ग्योक-लान, हे... काय आहे?"

"कासव. लावू ना कौल, आई घेते का ते?"

कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, अर्ध्या चंद्रासारखे; एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं, की होकार. दोन्ही फुगीर, की नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या, तर देवी हसली. हसली म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. तुझं म्हणणं अजून नीट सांग.

ग्योक-लानने गुडघे टेकले. "आई, गेल्या वर्षी नेलेलं कासव परत आणलंय. मोठं आहे. घेशील ना?" खट्. दोन्ही सपाट.

"हसली," तेक काका म्हणाले. "काहीतरी सांगायचं राहिलंय तुझं."

"आई, पाठीवर फूल आहे ते मी नाही काढलं, आपोआप आलं." खट्. हसली.

"मासळीचा वास येतो जरासा. पण तू समुद्राचीच आहेस म्हणून आणलं." खट्. हसली. आता मागची रांगही हसायला लागली.

"मध्ये थोडा वेळ पाकट झालं होतं." खट्. देवी आता हसून हसून दमली असावी, कारण एक तुकडा बराच वेळ गरगरत राहिला आणि मग सपाटच पडला.

सिऊ-बीने भावजयीला कोपराने ढोसलं. "वहिनी. घंटा."

ग्योक-लानने जीभ चावली. उठून घंटेचा दोर धरला, तीनदा वाजवली आणि खड्या आवाजात म्हणाली, "आई, हे कासव माझ्या सिऊ-बी वन्संच्या कढईत उकडलं, त्यांच्या लग्नातली गोधडी घालून! आणि गेल्या वर्षीचा गूळही त्यांचाच होता!"

खट्. एक सपाट, एक फुगीर.

सिऊ-बीने मान अशी ताठ केली, की पुढचे काही दिवस ती खाली वाकली नसावी. तेवढ्यात नगारा वाजला. कासव आत आलं होतं. तडा नाही, तुकडा नाही, मानेवरची एक सुरकुती तेवढी.

आता मागण्याची पाळी. ग्योक-लानने कौल पुन्हा उचलला. आ-युन मागे उभी होती. 'नको' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणाली नाही.

"आई, हेच कासव परत मागते. माझ्या लेकीला परवाना मिळू दे." खट्. दोन्ही फुगीर. नकार.

पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ग्योक-लानने पुन्हा टाकला. नकार. तिसऱ्यांदा टाकला. नकार.

ग्योक-लान त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिने ते उचलले, कपाळाला लावले, मेजावर ठेवले आणि गुडघे झटकून उठली.

"झालं," ती म्हणाली. "चला घरी."

"झालं काय?" ओरडला तो छिंग-हाय! "विचार की परत!"

"नाही म्हणतेय ती."

"म्हणू दे! पाच वर्षं पोर नापास झाली तेव्हा नाही थांबलीस, आणि आता तीन कौलांनी थांबतेस? नीट विचार! मोठ्याने विचार!"

"अहो, मला कळलं तिचं म्हणणं. जे हातात दिलंय ते पुन्हा काय मागायचं? धक्क्यावर बघितलं ना? पोरीला येतं बोट लावता."

"बघितलं कुठे? माझे डोळे मिटलेले होते!"

देवळात खसखस पिकली. छिंग-हाय मात्र हसला नाही. तो गर्दीतून पुढे आला आणि देवीसमोर बसला. 'देवळात जाऊन काय होतंय' म्हणणारा हा माणूस गुडघे टेकताना कुणी पाहिला नव्हता; गुडघेही बराच वेळ कुरकुरले. पंच्यांमुळे कौल धरता येईना. तेक काकांनी दोन्ही तुकडे त्याच्या पावांवर ठेवले.

"कुठलं कासव मागतोस?"

"तेच. आमचं. मेजावरचं सगळ्यात मोठं."

"मनात इच्छा बोल."

छिंग-हायचे ओठ हलले. बराच वेळ हलले. मग त्याने हात उलटे केले. खट्. एक सपाट, एक फुगीर. पहिल्याच कौलाला.

चंद्र वर आला तेव्हा बोट पुन्हा पाण्यावर होती. सिऊ-बीला घरी सोडायचं होतं. सुकाणूकडे कोणी जायचं हे कोणी विचारलं नाही. आ-युन सरळ जाऊन बसली. वारा पडला होता. फुलांचं कासव छिंग-हायच्या मांडीवर होतं, म्हणजे खरं तर छिंग-हाय कासवाखाली होता.

"अहो, मागितलंत तरी काय?" ग्योक-लानने विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीला एवढं मोठं कासव?"

छिंग-हायने मागे आ-युनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "परीक्षेच्या दिवशी घरात बसायची ताकद मागितली. गप्प."

"एवढंच ना? मग त्याला छोटं पुरलं असतं!"

"तू इतकी वर्षं नांदलीस माझ्याबरोबर," छिंग-हाय गंभीरपणे म्हणाला. "छोटं पुरलं असतं?"

ग्योक-लानने विचार करून मान हलवली. नसतं पुरलं.

समोरच्या बेटाचा लहानसा धक्का आला. आ-युनने इंजिन बंद केलं. बोट सरकत सरकत गेली आणि शेवटी टायरावर जराशी, अगदी जराशीच, आदळली. सिऊ-बीने धक्क्यावर पाय ठेवायला उचलला, तोच इंजिन पुन्हा सुरू झालं आणि बोट मागे सरकली.

"अगं ए! मला उतरू दे की!"

"थांब ना आत्या," आ-युन म्हणाली. "जरा लागली. पुन्हा आणते."

पुन्हा आणली. छान लागली. सिऊ-बीने पाय उचलला. बोट मागे.

"आता काय झालं?"

"आता छान लागली. पण चुकून लागली की येऊन लागली, ते बघायला नको?"

"वहिनी, तुझ्या लेकीला सांग काहीतरी! पोट भरून भोवळ आलीय मला!"

"बसा हो वन्सं," ग्योक-लान म्हणाली आणि कडेला नीट टेकून बसली. "परीक्षा जवळ आलीय तिची."

बोट वळली, लांब गेली, पुन्हा धक्क्याकडे तोंड करून निघाली. या वेळी ती किंचित जास्त वेगात होती. निदान छिंग-हायला तसं वाटलं. त्याने श्वास ओढला, मान पुढे काढली, तोंड उघडलं. 'डावीकडे' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभासुद्धा राहिला. आणि मग, हात तर बांधलेले, म्हणून त्याने तसंच खाली वाकून कासवाच्या पाठीवरच्या गुलाबी फुलात सरळ दात रोवले.

चिकट तांदळाचं पीठ ते. वरचे दात खालच्या दातांना असे चिकटले, की टायर कधी कुरकुरला आणि सिऊ-बी कधी उतरली, हे त्याला चंद्राकडे बघत, निमूटपणे, नुसतं ऐकावं लागलं.